मागच्या व्हर्जनवर

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा आणि चहा फुकट! आमच्या चार वर्षांच्या चिंगीने दारातच फर्मान काढलं, येताना खडू आण. ऑफिसात मात्र कुणी धड हसत नाही. तिचा फोटो टेबलावर ठेवला तर शेजारचा टेस्टर म्हणाला, इथे कुणालाच मुलंबाळं नाहीत, उगाच कशाला. तोंडावर मारल्यासारखं बोलतो मेला.

बुधवार, ५ मार्च
बिल्ड पुन्हा फेल. नवऱ्याला समजावलं, की सगळ्यांचे कोड जोडून सॉफ्टवेअर तयार करणं म्हणजे बिल्ड, आणि त्यातली एक जुनी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, आडवी आली की सगळंच मुसळ केरात. आमची तर इतकी जुनी, की तिला बाकी सगळंही तिच्याच काळातलं लागतं. मी नवी बसवते म्हटलं, तर साहेब सगळ्यांदेखत खेकसले, शहाणपणा नको, शुक्रवारी बिल्ड झाला नाही तर घरी बसा.

शुक्रवार, ७ मार्च
मशीनने विचारलं, या लायब्ररीसाठी लागेल ते सगळं मागच्या व्हर्जनवर नेऊ का? ने बाई एकदाचं, म्हणत ‘हो’ दाबलं. बिल्ड झाला! टेस्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, आम्ही सगळ्यांनीही तेच दाबलं होतं.

सोमवार, १० मार्च
चिंगीला ताप नाही, काही नाही, पण बोबडं बोलतेय. फ्रॉक घोट्यापर्यंत लोंबतोय. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांच्या मानाने वाढ छान आहे. चार, ती चार वर्षांची आहे, असं मी ओरडले तर नवऱ्याने मलाच गप्प केलं.

बुधवार, १२ मार्च
गुपचूप नवी लायब्ररी बसवली. बिल्ड फेल. साहेबांनी माझं काम पुसून जुनंच परत लावलं. चालतंय त्याला हात लावायचा नाही म्हणे. माझी पोर जातेय हो, म्हणून गयावया केली. सगळे हसले. साहेब म्हणाले, होईल सवय.
घरी ती रांगत होती.

गुरुवार
माझं बोट मुठीत धरून — इतकीशी — हिला खाली ठेवणारच नाही.

शुक्रवार
दुपटं रिकामं. सिझेरियनच्या टाक्यांचा व्रण नाही. पोट वर आलंय, आत लाथा — आहेस ना गं — राहा तिथेच —

शनिवार
पोट सपाट.
नवरा चहा घेऊन आला. खुशीत होता. म्हणाला, तुझी नोकरी लागली, आता मूल होऊ द्यायला हरकत नाही. मी म्हटलं, अरे, आपल्याला आहे की, आपली —