बायांच्या दाराची चाबी

१ नोव्हेंबर १९८७, रविवार. घुग्घुस.
सकाळी विहारात वंदना. चौथ्या शीलाला नेहमीसारखा खोकला आला. खोटं न बोलण्याचं ते शील. बाकीची चार खणखणीत म्हणतो. घरी येताना सौ. म्हणाली, "सिमिटाच्या धुळीचा खोकला, तर पाचव्याले कसा थांबते?" हसण्यावारी नेलं. बाई हुशार आहे, हीच अडचण.

२ नोव्हें., सोम.
चामोर्शीहून माझ्या जुन्या शेठचं पत्र. टॉकीज दिवाळीत बंद केली. बसस्टँडजवळ रंगीत टीव्हीवर व्हिडिओ दाखवतात, आपल्याकडे वीस माणसंही येईनात. इमारत धानाच्या व्यापाऱ्याने घेतली, आत गोदाम करणार. सिनेमाच्या दोन्ही मशिनी चंद्रपूरच्या भंगारवाल्याला. "तू बसवल्यास, तूच येऊन उघड. नाहीतर त्याची माणसं घणाने फोडतील."
खाली आणखी दोन ओळी. गोदामाला चौकीदार हवा आहे, जुना गेटकीपर मारोती मागे लागलाय. पण ज्याच्या हातून चाबी हरवली त्याला चौकीदारी कशी द्यायची, असं व्यापारी विचारतो.
पत्र दोनदा वाचलं. सौ.ला दाखवलं नाही.
दोन नंबरची मशीन दुसऱ्या कोणाच्या हाताने उघडता कामा नये.

३ नोव्हें.
फोरमनकडे दोन दिवसांची सुटी मागितली. "काऊन बे, मेला कोण?" "टॉकीज." हसला. मी नाही हसलो. दिवसभर मोटरचे ब्रश बदलले. एकदा हात चुकून जिवंत तारेपाशी गेला. सहा वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, असं कधी झालं नव्हतं.

५ नोव्हें., गुरु.
एकदा लिहून टाकतो. लिहिलं नाही म्हणून घडलं नाही, असं थोडंच आहे.
साल ८१. चामोर्शीच्या टॉकीजमध्ये मी ऑपरेटर, सिनेमा चालवणारा. तीनचा खेळ. बाजाराचा दिवस, बायांची बाजू गच्च. इंटरवल संपला की मारोती बायांच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचा, नाहीतर फुकटे घुसत. मारोती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी थोरला, तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा. कुलूप घातलं की चाबी माझ्या केबिनमध्ये आणून खिळ्याला अडकवायची, ही शेठची पद्धत. गेटकीपर ओळखीपाळखीला दार उघडतात, ऑपरेटर जागचा हलत नाही, म्हणून चाबी माझ्याकडे. पितळी बिल्ला होता तिला. त्यावर 'स्त्रिया' असं मीच खिळ्याने ठोकून लिहिलं होतं.
फिल्म मशीनच्या गेटमध्ये अडकली. आर्क दिव्याच्या धगीने फ्रेम करपली, पडद्यावर तपकिरी फोड उठला, केबिनमध्ये धूर. असं महिन्यातून दोनदा व्हायचं. फिल्म तुटली की ऑपरेटर आधी काय करतो? आतून कडी लावतो. कारण पब्लिक शिव्या देत जिना चढून मारायला येते. मी एकदा खाल्लाय मार, जांघेत. तेव्हापासून कडी आधी, फिल्म मग.
कडी लावली. त्या दिवशी धूर पडद्याकडच्या भोकातून खाली हॉलमध्ये गेला. कोणीतरी ओरडलं, आग!
पुढचं आज नको.

६ नोव्हें.
केबिनचं दार वाजलं. एकदा. मग पुन्हा, जोरात. मी उघडलं नाही.
तोवर खाली चेंगराचेंगरी. शेवटी मारोतीनेच सळईने कोयंडा उचकटला. चार बायांची हाडं मोडली. एकीचं पोटातलं गेलं. तिच्या माणसांनी मारोतीला तिथेच धरलं. डावा डोळा त्या मारात गेला.
पोलिसांनी विचारलं, चाबी कोणाकडे होती? मारोती म्हणत होता, आपरेटरपाशी. मी म्हणालो, नाही, मघाशीच त्याला दिली. चाबी तेव्हा दोन नंबरच्या मशीनच्या पोकळ स्टँडमध्ये पडलेली होती. तारेच्या भोकातून मीच टाकली, पोलीस जिना चढत असताना.
मारोतीची नोकरी गेली. मी तीन महिन्यांत इकडे आलो. नंतरच्या ऑपरेटरने स्टँड कधी उघडला नाही. उघडायचं कारणच नसतं.
बस्स. अक्षर वाचवत नाही. बरंच आहे.

८ नोव्हें., रवि. चामोर्शी.
पहाटेची बस. मूल आणि सावली ही गावं, मग वैनगंगेचा पूल. दोन्हीकडे धानाची कापणी.
टॉकीजच्या फाटकासमोर मारोती टोपली घेऊन बसलेला. उकडलेले शिंगाडे. ज्या दाराने डोळा घेतला त्याच्यासमोर सहा वर्षं धंदा करतो. मला पाहून उठला. "आपरेटरभाऊ! या, या. वयनी बऱ्या हायेत ना?" मूठभर शिंगाडे सोलून हातावर ठेवले. दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या हाती घुग्घुसला पाठवतो, तेच. पैसे घेत नाही.
वर केबिन तशीच. फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा वास अजून भिंतीत. माझ्या हाताने लिहिलेली पाटी: 'थुंकू नये'. त्यावरच थुंकलेलं.
एक नंबर उघडली. मारोती आपणहून मदतीला आला. दिव्यामागचा आरसा उतरवताना म्हणाला, "काय उजेड पडे बापा याचा." एका डोळ्याने आरशात बघत राहिला.
मी विचारलं नव्हतं, तरी बोलला.
"मी लय दिवस तुमचंच नाव घेऊन राह्यलो व्हतो, भाऊ. चाबी आपरेटरपाशी, चाबी आपरेटरपाशी. मग लोक म्हने, थो शिकला-सवरला मानूस, थो कायले खोटं बोलन? मंग मलेबी वाटलं, मीच इसरलो असन. मार खाल्ल्यावर डोस्कं ठिकान्यावर राह्यते का? आता मले सपस्ट दिसते, चाबी माह्या बंडीच्या खिशात व्हती. पडली कुठीतरी. तळ्याच्या पारीवर कितीकदा धुंडली. तुमच्यावर आळ घेतला, मनात ठिऊ नका."
त्याने माझी माफी मागितली. मी पाना शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो.
शिंगाडे म्हणजे ती माफी होती. सहा वर्षं.

९ नोव्हें., सोम.
दोन नंबर. त्याला चहा आणायला पाठवला. स्टँडचे चार बोल्ट काढले, आडवा केला, काही पडलं नाही. क्षणभर वाटलं, गेली असेल, उंदरांनी नेली असेल, सुटलो. मग तार घालून ढवळलं. ग्रीसच्या लगद्यात होती. बिल्ल्यासकट. जिन्यावर पावलं वाजली आणि मी चाबी खिशात टाकली. सहा वर्षांत हात तेवढाच चपळ राहिलाय.
दुपारी शेठ आणि धानाचा व्यापारी आले. मारोती अंगरख्याची बटणं लावून उभा. व्यापाऱ्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुमी तवा होते ना? मानूस कसा हाय?"
"चांगला आहे."
"चांगले तं सारेच असते. चाबी याच्याच हातून गेली ना?"
चाबी माझ्या मांडीला टोचत होती. मी शेठकडे बघितलं. शेठ पानाच्या देठाने दात कोरत होता.
मारोतीच बोलला. "हो सायेब, गेली. माह्याच हातून गेली. पन आता नाई जानार."
व्यापारी म्हणाला, रविवारी येतो, तेव्हा सांगतो. एक दुसराही माणूस आहे त्याच्या नजरेत.
संध्याकाळची बस धरली. मारोतीने पोहोचवायला येऊन खिडकीतून शिंगाड्यांची पुडी दिली. घेतली. नाही म्हणायचं तरी काय सांगून?

१० नोव्हें., मंगळ. घुग्घुस.
चाबी जेवणाच्या डब्यात लपवली होती. डबा घासायला कोण घेतं हे सुद्धा विसरलो. सौ.ने बिल्ला राखेने घासून लख्ख केला आणि पुढे ठेवला. "हे काय?"
सांगितलं. सगळं. ती पुडीकडे बघत होती. मग म्हणाली, "सहा वर्स त्याचे शिंगाडे खाल्ले तुमी. पोरीले बी चारले."
मी म्हणालो, पोलिसात खोटी जबानी दिलीय, केस उघडली तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, पोरगी दहावीला आहे.
"मंग त्याची नाई गेली का?"
मला राग आला. तिच्यावरच ओरडलो. खरं बोलणाऱ्यावर ओरडायला मला चांगलं जमतं. ती उठून भाकरी करायला गेली, पुडी उचलून कोंबड्यांना टाकली.

१२ नोव्हें.
नाल्यात टाकावी म्हणून चाबी घेऊन निघालो. कोळशाचे ट्रक जात होते, पुलावर थांबलो. ट्रक संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. ट्रक संपत नाहीत या रस्त्यावर. परत आलो.
फोरमनने सुटी नाकारली. "टॉकीज किती डाव मरते बे?" पगार कापा म्हटलं. जातोच.

१३ नोव्हें., शुक्र.
एक गोष्ट ६ तारखेला लिहिली नाही. सौ.लाही सांगितली नाही.
दार दोनदा वाजलं. पहिल्यांदा मला वाटलं, पब्लिक. दुसऱ्यांदा तो बोलला. "आपरेटरभाऊ, मी मारोती! चाबी द्या, बाया मरून राह्यल्या!"
आवाज ओळखला होता.
त्याच्या मागे पब्लिक असेल, कडी काढली की आत घुसेल, मारतील. एवढंच होतं डोक्यात. जिन्यावर दुसरं कोणी नव्हतं. नंतर कळलं.

१४ नोव्हें., शनि. चामोर्शी.
मारोती तळ्यावर होता. कमरेएवढ्या पाण्यात, शिंगाड्याच्या वेलात, समोर डोंगा, लाकूड कोरलेली होडी. हाक मारली. "थांबा भाऊ, येवढं काढून येतो." पारीवर, तळ्याच्या बांधावर, बसून राहिलो. पळून जायला भरपूर वेळ होता.
आला, हातपाय पुसले. मी चाबी पुढे केली. इतक्या वर्षांत जमवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवलं नाही.
त्याने बिल्ला डोळ्याजवळ नेला. उजव्या. बोटाने अक्षरं चाचपली.
"कुठी सापडली?"
"सापडली नाही. माझ्याकडेच होती. मीच लपवली."
पलीकडे कोणीतरी जाळं झटकत होतं. मारोती एकदम म्हणाला, "म्हंजे मी वर आलतो? जिना चढलो व्हतो मी?"
"हो."
"दार वाजवलं व्हतं?"
"दोनदा."
"मले वाटे, हे सपन हाय. बायकोबी म्हने, सपन हाय." त्याने चाबी हातात उलटसुलट केली. "मी येडा नव्हतो मंग."
मी पाय धरायला वाकलो. त्याने पाय मागे घेतले. त्यानंतर त्याने जे विचारलं, ते एक दिवस कोणीतरी विचारणार हे मला रात्रंदिवस माहीत होतं.
"मी नाव सांगतलं व्हतं. आवाज वळखला व्हता का माहा?"
नाही म्हणता आलं असतं. एवढा गोंगाट, मशीनचा आवाज, कोणीही विश्वास ठेवला असता. तो स्वतः तेच ऐकायला बघत होता, तोंडावर दिसत होतं.
"ओळखला होता," म्हणालो.
मारील असं वाटलं. मारायला हवं होतं. त्याने टोपली तिथेच टाकली, चाबी मुठीत घट्ट धरली आणि पारीवरून चालत गेला. मागे बघितलं नाही. मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने?
टोपली त्याच्या घरी नेऊन ठेवली. बायको म्हणाली, "घरी नाई आले." दिवेलागणीला पुन्हा गेलो. नव्हता. तळ्यावर बघून आलो. डोंगा बांधलेला, पाणी शांत.

१५ नोव्हें., रवि.
टॉकीजच्या पायरीवर बसून लिहितोय. सकाळी इथल्या विहारात गेलो. चौथं शील आलं. खोकला आला नाही, पण शब्दही पुरते निघाले नाहीत. बाजूच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं.
मारोतीच्या घरी जाऊन आलो. पहाटे आला होता म्हणे, आंघोळ केली, धुतलेला अंगरखा घातला आणि न जेवता गेला. चाबी घेऊन. कुठे, ते तिला माहीत नाही. पोलीस ठाण्यात गेला असेल. जावं त्याने.
काल रात्री ठरवलं होतं की व्यापाऱ्यासमोर चाबी ठेवायची आणि बोलायचं. आता चाबी नाही, मारोती नाही. नुसता मी. शेठ म्हणेल, भंगारवाल्याच्या मजुरीवरून काहीतरी बिनसलंय, म्हणून बरळतोय. हवालदार जुने कागद काढेल. पोरीचं दहावीचं वर्ष. सौ.ने निघताना रागातच डब्यात भाकरी दिली, पण क्वार्टरच्या फाटकापर्यंत आली होती.
फाटकासमोर मारोतीची जागा रिकामी आहे. जमिनीवर शिंगाड्याची सालं तेवढी.
व्यापाऱ्याची जीप आली. सोबत तो दुसरा माणूस, नवी काठी घेऊन. शेठ आतून हाक मारतोय, "आपरेटर! ओ आपरेटर!"
तेव्हा दार दोनदा वाजलं होतं. ही पहिलीच हाक आहे. उठतो.