पाट ल्यूमेनने फोडला नाही

मी, एलेउतेरियो माग्सिनो, वय एक्क्याऐंशी, राहणार ताल, बातांगास, चौथीपर्यंत शिकलेला. हात कापतो, पण डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब दोनदा मोजून मगच लिहायला बसलो. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर मुलगा रोडेल व सून नोएमी यांना समान. मागचे पत्रे गळतात, नंतर मला दोष नको.

२. माझी हत्यारे रोडेलला. भाऊ सिमोनला खिळासुद्धा देऊ नये. त्याने नेलेली शिडी पंचेचाळीस वर्षांत परत आलेली नाही.

३. नात मुत्याबद्दल. नोएमीचा नियम होता : खेळणे एकच पण चांगले, आणि शनिवारी दुपारी मैत्रीणही एकच. खेळणे म्हणजे नोएमीच्या वडिलांनी कोरलेला सुंकाचा पाट. समोरासमोर बसून दोघींनी खळग्यांत कवड्या टाकायच्या. मैत्रीण म्हणजे कपडे धुणाऱ्या पासीताची ल्यूमेन. पोर अडखळत बोलते, पण खेळताना तिची जीभ सुटे.

मी म्हणायचो, "बोटीवर नोकरी करणाऱ्याची पोर, आणि घरात एक फळकूट! लोक काय म्हणतील?"

"ताताय, खेळायचंय कुणाला? लोकांना की मुत्याला?" नोएमी विचारी.

ती माहेरी गेली, तेव्हा रोडेलने पाठवलेला खेळण्यांचा खोका मी माळ्यावरून काढला आणि गल्लीतली तेवीस पोरे बोलावली. तासाभरात निम्मी खेळणी मोडली. मग पोरे पाटावर बसून पायऱ्यांवरून घसरू लागली. ती युक्ती माझीच. पाट दुभंगला. ल्यूमेन एकटी कवड्या वेचत राहिली.

नोएमीने विचारल्यावर मी म्हणालो, "ल्यूमेनच्या हातून पडला." ल्यूमेन "मी... म... मी..." करत राहिली. मुत्याला मी डोळे वटारून गप्प केले. त्या दिवसापासून ल्यूमेन येत नाही, आणि मुत्या माझ्याशी बोलत नाही.

४. पाट माझ्यामुळे फुटला. हे माझ्या अंत्यविधीला सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. ल्यूमेनच्या नावे वस्तू ठेवत नाही. खोटे मिटवायला लाच दिली, असे होईल.

ताल, ९ मार्च २०१९
सही : एलेउतेरियो माग्सिनो
साक्षीदार : काद्यो लुन्तोक, न्हावी
साक्षीदार : बेनिग्नो आतिएन्सा, शेजारी
साक्षीदार : पासीता

पासीताने नावापुढे सही केली नाही. म्हणाली, "ताताय, माझ्या पोरीनं तुमच्या मरणाची वाट बघायची का?"

मी नोएमीला हाक मारली आहे. ती हात पुसत येते आहे.