वरच्या खोलीतली न्हाणी

१२ जानेवारी, सोमवार

भिंत फोडली! नऊला गुंडू गवंड्यानं पहिला घाव घातला. आता माघार न्हाय. वरच्या खोलीला जोडून न्हाणी होणार म्हणजे होणार.

सौमित्र दिवाळीत म्हणालाच होता — "आई, मला आता घरूनच काम आहे. पुणं सोडून इथं येऊन राहू शकतो. पण आंघोळीला खाली यायचं, तेही स्वयंपाकघरातून? वल्लरीला नाही जमणार." लग्नाला दोन वर्षं झाली, दोघं मिळून अकरा दिवस राहिलीत इथं. मी मोजलेत. एकुलतं एक पोर! शाळेतनं रिटायर झाल्यापासून घर नुसतं खायला उठतंय. न्हाणीसाठी अडलं असेल तर न्हाणी करू. राजवाड्यासारखी करू!

१३ जानेवारी

पहिलाच राडा. ह्यांनी खाली उभं राहून वर बघितलं — "कमोड कुठं येतोय?" गुंडूनं बोट दाखवलं. "म्हणजे देवघराच्या बरोबर वर? देवाच्या डोक्यावर बसणार व्हय रे?"

मला आधी हसू आलं, मग पटलं. गुंडूनं टेप लावून कमोड पलीकडच्या कोपऱ्यात सरकवला. आता दार आत उघडलं की कमोडला थडकतंय. जागाच सगळी सात बाय चार! गुंडू माझा चौथीतला विद्यार्थी. भागाकार कधी जमला नाही त्याला. आता पाण्याच्या उताराचा हिशोब बोटांवर करतोय, आणि बरोबर येतोय.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ आधीच कुरियरनं पाठवला होता. सौमित्रचा मेसेज — नुसता अंगठा.

१६ जानेवारी

दुकानात गेलो. बया बया! नळाचे एवढे प्रकार! एकाखाली हात नेला की आपोआप पाणी. हे दचकून मागं सरले — "भूत हाय काय ह्यात?" ह्यांना इंडियनच पाहिजे. गुडघे धरून उठतात आणि हट्ट बघा! म्हटलं, तुम्हाला खाली आहे की तुमचं. वर कमोडच.

बाकीचं काही ठरेना. शॉवर भिंतीतला का डोक्यावरचा? बेसिन बसवायचं का? मध्ये काच घालायची का? मी आपली बादली-तांब्यावाली. मला एवढंच कळतं की नळाखाली बादली सरळ बसली पाहिजे. दुकानदारानं विचारलं, "वापरणार कोण?" म्हटलं, सून. "मग त्यांनाच आणा की!"

घरी येऊन आक्काला फोन लावला, गारगोटीला. नणंद आहे, पण सल्ला सासूचा देते. "सुनंला इचारून न्हाणी? आपल्याला कुणी इचारलं हुतं व्हय? पोराला इचार. तिला काय लागतंय ते त्यो सांगंल की." बरोबरच आहे. आमच्यात सुनेची साडीसुद्धा पोराला विचारून घेतात.

१७ जानेवारी

सौमित्रला विचारलं. पटापट उत्तरं! टाइल्स पांढऱ्या. शॉवर डोक्यावरचा. बेसिन नको — "तिला आरशासमोर तासभर लागतो, कशाला लाड?" आणि दार सरकतं, काचेचं. कडी नको.

"कडीशिवाय न्हाणी?"

"आई, खोली आमची दोघांचीच. कडी कशाला?"

किती नव्या विचाराचं पोरगं, मला वाटलं. म्हटलं, वल्लरीला दे जरा. "ती कामात आहे." संक्रांतीलाही विचारलं होतं, तेव्हाही कामातच होती. नोकरी तर तिनं मागच्या मार्चमध्ये सोडली. मग एवढं कसलं काम करतीय?

२० जानेवारी

काम बंद. पेठेच्या टीमची फुटबॉलची मॅच. गुंडू पाइप तसाच उघडा टाकून स्टेडियमला पळाला. मी दिवसभर वर-खाली. काय बघायला जाते, मलाच माहीत नाही.

२२ जानेवारी

काचेचं दार आज दुकानात सांगायचं होतं. गुंडूनं कान खाजवला. "बाई, बसवतो की. पण कडी न्हाय म्हंजे... आमची बायकू कुणाच्याबी घरात गेली तर पैली कडी बघती. वापरणारीला एकदा इचारा की."

मग लावला फोन, थेट वल्लरीला. दोन वर्षांत पहिल्यांदा! नंबर माझ्याकडं नव्हताच. लग्नाच्या जुन्या वहीत सापडला. लाज वाटली मला.

ती घाबरलीच. "आई? काय झालं? बरं आहे ना सगळं?" म्हटलं, काही नाही गं, नळ कसला लावू ते विचारायचंय. ती म्हणाली, "मला विचारताय?"

शॉवर — चालेल. टाइल्स — चालेल. काच — चालेल. मी फोन ठेवणार, तेवढ्यात अगदी हळू — "कडी असेल ना? आतून?"

म्हटलं, सौमित्र नको म्हणतोय.

"बरं. राहू दे मग. मी विचारलं ते त्याला सांगू नका, आई."

एवढंच. संध्याकाळी आमटीत दोनदा मीठ घातलं.

२३ जानेवारी

सकाळीच सौमित्र. "तिला परस्पर फोन का केलास?"

तुला कुणी सांगितलं, विचारलं मी. "कुणी सांगायला कशाला पाहिजे? तिचा फोन मी रोज बघतो."

रोज!

ह्यांना सांगितलं. पेपरमधनं डोकं न काढता म्हणाले, "नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये." अहो, पण रोज? "हल्लीची पोरं. आपल्याला कळत न्हाय त्यांचं."

माझा सौमित्र तसला न्हाय. लहानपणी मांजराच्या पिल्लाला कापसानं दूध पाजायचा. तसला न्हाय तो.

२४ जानेवारी

काचेचं दार सांगून टाकलं. सुटले एकदाची.

२५ जानेवारी

कशाची सुटतेय! जेवण जाईना. चौतीस वर्षं वर्गावर काढली. फळ्याकडं तोंड करून उभी असले तरी मागच्या बाकावर कोण रडतंय ते मला कळायचं. "राहू दे मग" म्हणणाऱ्या पोरी मी काय कमी बघितल्या? आणि घरच्या पोरीचा आवाज ऐकून मी आमटी ढवळत बसले!

दिवाळीतलं आठवतंय. ती काहीही बोलायच्या आधी त्याच्याकडं बघायची. मला वाटायचं, केवढी माया! आक्कालाही कौतुकानं सांगितलं होतं मी. थू माझ्या अकलेवर.

२६ जानेवारी

पण कडी लावली आणि तो आलाच नाही तर?

हेच खरं आहे. दुसरं तिसरं काही नाही. पोरगं लांब जाईल म्हणून मी भिते. सुनेसाठी नाही, माझ्यासाठी भिते. लिहिलं एकदाचं.

२७ जानेवारी

दुकानात एकटी गेले. काचेचं दार नको म्हणून सांगितलं. दुकानदार कुरकुरला. कुरकुरू दे.

गुंडूला म्हटलं, लाकडाचं दार बसव, काहीही कर. तो म्हणाला, "भायेर उघडणारं करतो की बाई, कमोडला न्हाय थडकत. आधीच का न्हाय बोलला?" आतून जाड पितळी कडी. बेसिनही बसवायला सांगितलं, आणि त्यावर चांगला मोठा आरसा! लागू दे तासभर.

सौमित्रला मीच कळवलं. लपवून कशाला? आधी हसला. मग आवाज थंड झाला. "माझ्या खोलीत माझं ऐकायचं नसेल तर आम्ही येत नाही. बस एकटी."

असला आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. तिनं किती वेळा ऐकला असेल?

ह्यांना सगळं सांगितलं, पेपर हातातनं काढून घेऊन. तेव्हा म्हणाले, "तिला सांग, आमचं दार उघडं हाय."

तिला फोन लागत नाही. चार वेळा लावला.

१ फेब्रुवारी

न्हाणी झाली. गुंडूनं नारळ फोडला. शॉवर सोडून दाखवला, झकास पाणी पडतंय. कुणीच वापरत नाही.

३ फेब्रुवारी

वल्लरीचा फोन अजून बंदच लागतोय. तिच्या माहेरी नेसरीला फोन केला. तिच्या आईला म्हटलं, वल्लरीला निरोप द्या — सासूनं बोलावलंय, तिला एकटीला. बाई रडायलाच लागल्या. त्यांना सगळं माहीत होतं. "लेकीचं घर मोडंल म्हणून गप बसलो," म्हणाल्या. मी काय वेगळं करत होते?

८ फेब्रुवारी, रविवार

वल्लरी आली. सकाळच्या एसटीनं, एकटी. दंडावर चार बोटं उमटलीत. माझ्या पोराची.

ह्यांनी काही विचारलं नाही. पिशवी उचलली आणि वर नेऊन ठेवली.

दहाला सौमित्रचा फोन. "तिथंच आलीय ना ती? थांब, मी निघालो. येतो घरी."

येतो घरी! हे ऐकायला दोन वर्षं जीव टाकत होते मी.

म्हटलं, "येऊ नकोस."