तडकलेल्या स्फटिकाची वाटणी

मी, कृत्रिम स्फटिक वाढवण्याच्या संशोधनातून निवृत्त झालेली, वय एक्क्याऐंशी, गुडघे सोडून बाकी शाबूत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. याआधीचे असे सर्व कागद रद्द समजावेत.

एक. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलीला. मागच्या दाराची कडी वर उचलूनच लागते, हे जावईबापूंना सांगावे. त्यांना जोर करायची सवय आहे.

दोन. माझे दिवंगत पती भट्टीचे कारागीर होते. परदेशांनी आपल्याला उपकरणांत लागणारे स्फटिक विकणे बंद केले, तेव्हा प्रयोगशाळेच्या जुन्या धोबीखान्यात आम्ही दोघांनी देशातली पहिली भट्टी उभी केली. वितळलेल्या रसाला बीजाचा खडा टेकवायचा आणि केस वाढावा तसा हळूहळू वर ओढायचा. हे म्हणायचे, "लोक धान्य पिकवतात, आपण दगड. तोही उगवेना!" काही वर्षे नुसती खडीच निघाली. मग एकदाचा मुठीएवढा, नितळ स्फटिक वाढला. यांचे चिमटे आणि भिंगे नव्या प्रयोगशाळेला द्यावीत.

तीन. तो स्फटिक, म्हणजे त्याचे दोन तुकडे. मंत्री पाहायला येणार म्हणून संचालकांनी भट्टी लवकर उघडायला लावली. मी म्हणाले, "साहेब, आठवडाभर निवू द्या, तडकेल."

"बाई, मंत्री काय आठवडाभर दारात उभे राहणार?"

उघडताच टक् असा आवाज झाला. संशोधन बंद पडले, भट्टी भंगारात गेली. यांनी बाटल्यांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि पुन्हा स्फटिकाचे नाव काढले नाही. देशात नवी प्रयोगशाळा उभी राहून हे काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते पाहायला हे नव्हते. दोन्ही तुकडेही नव्या प्रयोगशाळेलाच. कपाटात मांडू नयेत. चांगल्या भागातून बीज कापावे.

चार. त्या संचालकांना काहीही ठेवलेले नाही. हे गेल्यावर ते काठी टेकत घरी आले होते. म्हणाले, "बाई, मी थांबायला हवं होतं." 'असू द्या' एवढेही माझ्या तोंडून निघेना. ते चहा तसाच ठेवून उठले. ती हळहळ अजून जात नाही. माझ्यामागे ते आले, तर त्यांना वाटेला लावू नये. भट्टी उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी झरोक्यातून तो स्फटिक निखाऱ्यासारखा, अखंड असा आम्ही तिघांनीच पाहिला होता. आता ते एकटे उरतील. त्यांना बोलू द्यावे.

सही: लिहून ठेवणारी
समक्ष सह्या: शेजारचे औषधदुकानदार, माझ्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: सात मार्च