पिवळी खूण

३ नोव्हें., सोम.
पडद्यावर एकही पिवळी खूण नाही. याच रेकॉर्डिंगवर शुक्रवारी चार होत्या. आमच्या या यंत्राच्या डब्याचं काम एवढंच: हवेतून गुंतून येणारे रडारचे ठोके क्षणात वेगळे करायचे आणि कुठला कुणाचा ते सांगायचं. ओळखीच्या रडारांच्या यादीत सापडला तर हिरव्या अक्षरात नाव, नाही तर पिवळी खूण, 'अज्ञात'. चार अनोळखी एका रविवारात ओळखीचे झाले?
तिवारीला विचारलं, सॉफ्टवेअर त्याच्याकडे. "दीदी, सर ने बोला. जो न मिले, उसको सबसे पास वाला नाम दे दो."
काहून?
"पीला दिखता है तो मेहमान सवाल पूछते हैं."
हा डबा हेलिकॉप्टरात बसणार आहे. वर जाणारा माणूस त्या हिरव्या अक्षरांवर विश्वास ठेवणार. शी. चहा तसाच ठेवला.

५ नोव्हें., बुध.
तिवारीच्या सरांनी, पटवर्धनांनी बोलावलं. पुण्याहून येऊन सहा महिने नाही झाले, रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या या शेडचे मालक असल्यासारखे बसतात. प्रकल्पप्रमुख, तेव्हा बसोत. "मॅडम, चौदाला डेमो. त्याआधी चाचणी अहवालावर तुमची सही हवी."
"पिवळं परत आणा, करते."
"अहो, अज्ञात म्हटलं की लोकांना आपल्या मालात खोट दिसते."
म्हटलं, माहीत नसलेलं माहीत नाही म्हणण्यात कसली खोट?
हसले. "तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या! हा कन्फेशन बॉक्स नाहीये, मॅडम." आणि बायकोने ग्वारीघाटावरून आणलेला पौर्णिमेचा प्रसाद पुढे केला. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. तोंडात साखर राहिली. घरी येऊन गुळण्या केल्या.

८ नोव्हें., शनि.
सुट्टी. स्वेटरं उन्हात टाकली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाने बोर्डिंगची कपाटं आठवली. दुपारच्या अभ्यासाच्या तासाला आम्ही मुली चिंचा खायचो, कान कॉरिडॉरकडे. प्रत्येक सिस्टरचं पाऊल पाठ होतं. सि. बीट्रिसचं भरभर, कमरेच्या माळेचे मणी खळखळत. सि. मोनिका एक पाय किंचित ओढत. दोघी बरोबर आल्या तरी मी वेगळ्या करून सांगायची. कामाला लागायच्या कितीतरी आधी शिकले होते हे काम!
एकदा पाऊल अनोळखी आलं. मी ऐटीत म्हणाले, "आया आहे, खा." बदलून आलेल्या नव्या मदर होत्या. सगळ्यांच्या तोंडात चिंच. रविवारपर्यंत सबंध वर्गाचं खेळणं बंद. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, तेच जास्त लागलं.
तेव्हापासून आमचा नियम: पाऊल ओळखीचं नसेल तर नाव घ्यायचं नाही. नुसतं "कोणीतरी" म्हणायचं आणि चिंच खिशात.
किती साध्या होतो.

१० नोव्हें., सोम.
आज बसून चारही खुणांचा माग काढला. तिवारीने बदललेलं बंद केलं. तीन पिवळ्या परत आल्या. चौथी हिरवीच. 'हवामान रडार'.
ते हवामान रडार नाही. ठोक्यांमधलं अंतर दर तिसऱ्या ठोक्याला बदलतं, हवामानवाले असं करत नाहीत. मग यादीत कसं बसलं? नोंद उघडली. हवामान रडारच्या मर्यादा नको तितक्या रुंद केलेल्या, ३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी संध्याकाळी. करणाऱ्याचं नाव...
माझं.
आठवलं. त्या दिवशी चाचणीत खरं हवामान रडारच ओळखायचं सुटत होतं, मला शहपुऱ्याला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. म्हटलं, थोडी सैल करू, सोमवारी बघू. सोमवारी तिवारीवर तोंड टाकलं, स्वतःचं विसरले.
तिवारीने केलं ते सरांनी सांगितलं म्हणून. मला तर कुणी सांगितलंही नव्हतं.
आठवडाभर नाक मुरडत फिरले. वास माझ्याच हाताला येत होता.

११ नोव्हें., मंगळ.
मर्यादा पुन्हा आवळल्या. आता खरं हवामान रडार मधूनच सुटतं. सुटो. चूक माझी, तारखेसकट अहवालात लिहिली. तिवारी वाचून म्हणाला, "दीदी, आप अपना नाम काहे को डाल रही हैं? किसको पता चलता?"
"मला."
डोकं खाजवत बसला. मग चहा घेऊन आला, माझ्यासाठीपण.

१३ नोव्हें., गुरु.
पटवर्धनांना पडद्यासमोर उभं केलं. चार पिवळ्या खुणा.
"हे चौथं काय?"
"माहीत नाही."
"मॅडम, वीस वर्षांचा अनुभव तुमचा, आणि माहीत नाही?"
"वीस वर्षांचा आहे म्हणूनच म्हणते."
अहवाल वाचला. माझी चूक लिहिलेल्या पानावर थांबले. "हे पान काढा. बाकीच्यावर सही करा. तुमच्याच भल्याचं सांगतोय."
पान काढलं नाही. सही केली, त्या पानावरसुद्धा. ते फाईल काखेत मारून केबिनमध्ये गेले.
निघताना पडदा तसाच ठेवला, चारही पिवळ्या. दारात तिवारी भेटला. सरांनी थांबायला सांगितलंय म्हणाला. माझ्याकडे न बघता.
"काहून?"
"पता नहीं, दीदी."
उद्या दहाला पाहुणे. मी नऊलाच जाईन, खुणा मोजायला.