पाटी तूच लाव

दोहा, नोव्हेंबर २००६

प्रिय जोस्लीन,

तुझा फोन ठेवला आणि लिहायला बसलो. बाहेर धुळीने समोरची इमारतही पुसून टाकलीय. अशा दिवशी मला हटकून वसईची शाळा आठवते. कवितेच्या तासाला मास्तर टेबलावर पट्टीने ठेका धरायचे आणि आम्ही पोरं गात सुटायचो. तिकडे इंग्लंडात, तुझ्या लेस्टरच्या घरामागे सफरचंदाचं झाड आहे म्हणालीस, तेव्हापासून तोच ठेका डोक्यात चालू होता. झाडाखाली खुर्ची टाकायची आणि पाठ असलेलं सगळं पुन्हा म्हणायचं. नसरुद्दीन, माझा रूममेट, रोज चिडवायचा, हॅरीभाई, बेटी के गेस्टहाउस में मॅनेजर बनोगे कि चौकीदार? मी म्हणायचो, पहिला पाहुणा.

रडत रडत तू जे सांगितलंस, त्यातून मला कळलं ते असं. गेस्टहाउससाठी म्हणून तू ते पडकं घर घेतलंस, दुरुस्तीवर भरलेला व्हॅट परत मागितलास, आणि आता टॅक्सचा माणूस विचारतो, धंदाच करायचा होता हे कशावरून? घर कधीचं तयार आहे, पण पाहुणा नाही, जाहिरात नाही, पाटीसुद्धा कागदात गुंडाळून माळ्यावर. त्याला काय सांगणार, आमच्यात मोठ्या माणसाच्या हातूनच पाटी लागते म्हणून? तू माझ्यासाठी थांबलीस. आणि इथे माझा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी आहे तो मालक, देश सोडायच्या एक्झिट परमिटवर सही मागितली की इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात, म्हणत राहिला. रास लफानच्या गॅस प्रकल्पाचं काम उरकेपर्यंत त्याला जुना टाइमकीपर सोडायचा नव्हता.

मग त्या टॅक्सवाल्याने तळमजल्यावरची, तू माझ्यासाठी केलेली खोली बघितली. बुटका पलंग, संडासात धरायला दांडी, कोपऱ्यात प्रार्थनेचा आल्तार, त्यावर मम्मीचा फोटो. हे तर राहतं घर आहे, म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं गं? दांडीची उंची ठरवायला तू मला फोनवर उठायला-बसायला लावलं होतंस. तुझी मम्मी असती तर पोट धरून हसली असती.

व्हॅट परत मिळाला नाही तर बँक घर काढून घेईल, हे तू एकदाच बोललीस. पुढे नुसतं, डॅडी, तुम्ही इथे कायमचे येणार होतात असं त्यांना वाटतंय, मी काय सांगू? मागून जावयाचा, ऑल्विनचा आवाज आला, जस्ट आस्क हिम. तू विचारलं नाहीस. विचारायची गरजही नाही.

सोबत वेगळा कागद आहे, खाली नसरुद्दीनची साक्ष. मी तिथे राहायला कधीच येणार नव्हतो, नोकरी संपली की वसईला पॅरिशच्या वृद्धाश्रमात जायचं आधीपासून ठरलं होतं, ती खोली गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे, असं त्यात लिहिलंय. फादरना कालच जागेसाठी कळवलं, म्हणजे निम्मं तरी खरं होईल. मम्मीचा फोटो तुझ्या कपाटात ठेव. दांडी राहू दे. पाटी उद्याच लाव, ऑल्विनला शिडी धरायला सांग, मोठ्या माणसाचा हात म्हणून तुझा चालेल. एखादा म्हातारा पाहुणा आला तर त्याची खुर्ची झाडाखाली टाकत जा. तो कागद त्यांना दाखव. हे पत्र मात्र दाखवू नकोस.

तुझाच,
डॅडी