वरचा सा

करी रोड, मुंबई
३ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास, हेरंबचा सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोन संपला, आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून पत्र. बातमी बरी नाही. दसरा झाला की बाबांचं ऑपरेशन आहे. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तुझा भाऊ वाचेल, पण शिवाबुवा पुन्हा भजन गाणार नाहीत. यावर बाबा डॉक्टरांना काय म्हणाले असतील? की डबलबारीच्या इतक्या सामन्यांत समोर गाणाऱ्या बुवांना माझं तोंड बंद करता आलं नाही, ते तुम्ही करून दाखवताय.

येत्या रविवारी घरीच त्यांचा गजर रेकॉर्ड करतोय. मंडळाच्या व्हिडिओंत नुसत्या झांजा ऐकू येतात, बाबा त्यांत बुडालेले. खिडकीला गाद्या लावणार, पंखा बंद, शेजारच्या सीमाकाकींना कुकर न लावण्याची विनंती. आवाज बसलाय, पण गरम पाणी घेतलं की थोडा वेळ मोकळा होतो. माझ्या सिंथेसायझरला ते अजून बटणांची पेटी म्हणतात आणि आवाजाला घुमारा लावला की विचारतात, फुकटचं देऊळ कशाला बांधतोस? पण या वेळी तेच मागे लागलेत. एवढं एक काम मला नीट करायचंय.

माया आहेच, ती या दिवसांत जरा जास्त असू दे.
तुझा हेरंब

मिठबाव, ता. देवगड
९ ऑक्टोबर

चि. हेरंबास, रमाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. देवाला गाऱ्हाणं घातलंय. कुळथाचं पीठ पाठवते आहे, शिवा गिळू लागला की पिठी पातळ करून दे.

तुझ्या यंत्रातलं मला काडीचं कळत नाही, तरी एक सांगते. शिवा वरच्या सा-ला कधी पुरता पोचला नाही. घसरत वर जायचा आणि केसभर खालीच थांबायचा. समोरचे बुवा त्यावरून टोमणे मारायचे. तुझी आई बायकांत बसून तोंडाला पदर लावून हसायची आणि घरी आल्यावर तोच तुकडा पुन्हा म्हणायला लावायची. ती गेल्यापासून त्याला कोण तसं म्हणायला लावणार? मला आता काही ऐकू येत नाही, पण शिवाचा तो सा डोक्यात अजून आहे. तेवढी खोट राहू दे रे. तुम्ही शिकलेली पोरं सगळंच घासूनपुसून चकचकीत करता.

शिवाला जप, आणि या म्हातारीला विसरू नकोस.
तुझी आत्या

करी रोड
१२ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आलेत. बोलणं पाटीवर. चहात साखर कमी पडली तर दोन-दोन ओळींची तक्रार लिहितात. पिठी मात्र न बोलता संपवतात.

तुझं पत्र आलं तेव्हा रेकॉर्डिंगही होऊन गेलं होतं आणि ऑपरेशनही. आत्या, मी घोळ केला. मी स्वतः बेसूर गातो, म्हणून सूर सरळ करणारा एक इफेक्ट माइकच्या वाटेवर कायम लावलेला असतो. तो काढायचा राहिला. आत साठला तो सरळ झालेलाच आवाज, मूळचा कुठेच नाही. त्या दिवशी उलट मला वाटलं, बाबा आज काय सुरात लागलेत! तुझं पत्र वाचून पुन्हा ऐकलं, तेव्हा कळलं तो सूर कोणी लावला होता.

घरी आल्यावर त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, बुवा चांगला आहे, कुठला? मी मोरीत जाऊन रडलो.

आता रोज तो सरळ सूर वाकवत बसतो. सा खाली ओढतो, घसरण घालतो, सिंथवर घशाची खरखर तयार करून खालून मिसळतो. आज जमलं असं वाटतं, उद्या ऐकलं की कोणीतरी बाबांची नक्कल करतंय असं वाटतं. मला फार अपराधी वाटतं, आत्या. खरा सा तुलाच ठाऊक आहे. केसभर म्हणजे किती खाली, हे कागदावर कसं सांगणार तू? तरी लिही.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर दे.
तुझा हेरंब

करी रोड
८ डिसेंबर

ती. आक्कास, शिवाचा सा. नमस्कार.

हे पत्र हेरंबला दाखवू नकोस. पाटीवर लिहिलं ती माझी चेष्टा होती गो. डबलबारीतली डिवचायची खोड, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. पोर मोरीत रडत होता, ते मला बाहेर ऐकू येत होतं. दाराआडून समजूत घालायला माझ्याकडे आवाज नव्हता.

तेव्हापासून तो माझा सा शोधत होता. कामावरून आला की कानाला ते लावून बसायचा. ताट तसंच सुकायचं. अर्धा झाला गो पोरगा. परवा त्याने नवा ऐकवला. मी पाटीवर लिहिलं, हाच मी. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

तो मी नाही, आक्का. मला सख्खा भाऊ असता तर असा गायला असता. पण आता माझा सा मलाही धड आठवत नाही. मनातल्या मनात लावून बघतो, तर पोराने केलेलाच ऐकू येतो. तुझ्या डोक्यात आहे तो शेवटचा.

नाताळच्या सुट्टीत तो मोठा स्पीकर घेऊन तुझ्याकडे येतोय. तुला त्यावर हात ठेवायला सांगणार आहे, थरथर हाताला कळते म्हणे. मग विचारेल, बाबांचाच आहे ना? तू हात ठेव आणि हो म्हण.

तुझा लोभ लहानपणापासून पुरत आला, पुढेही पुरव.
तुझा शिवा